सागरतीरावरचा जाझ आणि मध्यरात्रीची प्रार्थना

समुद्रकाठी राहणाऱ्या माणसांना उत्सवाची ओढ अंमळ अधिकच असते. वसईपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावरील कोणत्याही धर्मग्रामात सणाच्या आदल्या संध्याकाळी जाऊन पाहावे. प्रार्थना आटोपलेली असते, पताका खाऱ्या वाऱ्यावर फडफडत असतात, बँडवाले आपापली वाद्ये पुसून घेत असतात आणि परगावी नोकरीला असलेली माणसे पिशव्या सांभाळत घराकडे वळत असतात. हा आनंद कोणाचा, तो कशासाठी, आणि तो ओसरल्यावर मागे काय उरते, हे प्रश्न त्या गडबडीत कोणी विचारीत नाही. पण कधीतरी ते विचारले पाहिजेत, आणि दुसऱ्याच्या अंगणातील उत्सव पाहताना ते विचारणे सोपे जाते. म्हणून या लेखासाठी आम्ही एक दूरचा उत्सव निवडला आहे.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ऱ्होड आयलंड नावाचे चिमुकले राज्य आहे. त्यातील न्यूपोर्ट या बंदराच्या गावी १९५४ सालापासून उन्हाळ्यात जाझ संगीताचा महोत्सव भरू लागला. १९५८ सालचा महोत्सव ३ ते ६ जुलै असा चार दिवस, म्हणजे त्या देशाच्या स्वातंत्र्यदिनाला जोडून आलेल्या शनिवार-रविवारपर्यंत चालला. बर्ट स्टर्न हा त्या वेळी २८ वर्षांचा, जाहिरातींची आणि फॅशनची छायाचित्रे काढण्यात नाव मिळवलेला तरुण आपले कॅमेरे घेऊन तेथे गेला आणि त्याने 'जाझ ऑन अ समर्स डे' हा सुमारे ८५ मिनिटांचा रंगीत चित्रपट तयार केला. १९५९ साली तो व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. १९९९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-सूचीत त्याची नोंद झाली आणि २०२० साली त्याची नव्याने स्वच्छ केलेली प्रत प्रेक्षकांपुढे आली. संगीताच्या चित्रणाचा हा एक आदर्श मानला जातो. तो तसा आहे का, हे तर पाहायचेच आहे. पण त्याहून अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की हा चित्रपट पाण्याच्या तरंगांवर सुरू होतो आणि प्रभूच्या प्रार्थनेवर संपतो. या दोन टोकांमध्ये एका समुद्रकाठच्या गावाची मौज आहे. ती मौज आणि ती प्रार्थना यांचे एकमेकांशी काय नाते आहे, हा आमच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे.

जाझ म्हणजे काय, हे थोडक्यात सांगून ठेवणे बरे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या वंशजांनी अमेरिकेच्या दक्षिण भागात, विशेषतः न्यू ऑर्लिन्स या शहरात, विसाव्या शतकाच्या आरंभी हे संगीत घडवले. शेतात राबताना म्हटलेली गाणी, प्रार्थनामंदिरातील स्तोत्रे, दुःखाला वाट करून देणारे 'ब्लूज' आणि मिरवणुकीतील पितळी वाद्यांचा बँड, इतके प्रवाह त्यात मिसळले. न्यू ऑर्लिन्स हे फ्रेंच आणि स्पॅनिश अमदानीत वाढलेले, कॅथॉलिक वळणाचे शहर. तेथे अंत्ययात्रेपुढे बँड वाजत असे, दफनभूमीकडे जाताना संथ आणि परतताना उल्हासाने. गोव्यात आणि मुंबईच्या गावठाणांत ज्यांनी अंत्ययात्रेपुढचा बँड ऐकला आहे त्यांना ही प्रथा परकी वाटणार नाही. जाझचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे उत्स्फूर्तता. चाल ठरलेली असते, परंतु त्या चालीच्या आधाराने वादक त्या क्षणी सुचेल ते वाजवतो आणि बाकीचे त्याला साथ देतात. आपल्याकडे गवई बंदिशीच्या आधाराने विस्तार करतो, त्याची येथे आठवण व्हावी. दोन्हींचे व्याकरण मात्र अगदी वेगळे.

आता त्या गावाविषयी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या धनिकांनी न्यूपोर्टच्या समुद्रकड्यावर राजवाड्यांसारखी घरे बांधली आणि त्यांना नम्रपणे 'कॉटेज' असे नाव दिले. वर्षातले थोडेसे आठवडे ती उघडी असत. कॅथॉलिक वाचकांना या गावाची आणखी एक ओळख असेल: जॉन केनेडी आणि जॅकलिन बूव्हिए यांचा विवाह १२ सप्टेंबर १९५३ रोजी येथील सेंट मेरीज चर्चमध्ये लागला. त्याच्या पुढच्याच वर्षी एलेन आणि लुई लॉरिलार्ड या श्रीमंत दांपत्याने बॉस्टनच्या एका जाझ क्लबचे चालक जॉर्ज वाइन यांना हाताशी धरून टेनिसच्या प्रसिद्ध मैदानावर, न्यूपोर्ट कॅसिनोत, पहिला महोत्सव भरवला. धुराने भरलेल्या तळघरात रात्री ऐकायचे संगीत अशी जाझची तोवर ख्याती होती. ते मोकळ्या हवेत, हिरवळीवर, समुद्राच्या वाऱ्यात आणण्याची ही कल्पना धाडसाची होती. पुढील वर्षापासून तो फ्रीबॉडी पार्क या मैदानात होऊ लागला. आपण पाहतो तो चित्रपट तेथला आहे.

स्टर्नने चित्रपटाला निवेदन दिलेले नाही. कोणी तज्ज्ञ येऊन जाझचा इतिहास सांगत नाही. बंदरातल्या पाण्यावर होड्यांची आणि खांबांची प्रतिबिंबे थरथरत असतात आणि जिमी जुफ्री यांचा सॅक्सोफोन, बॉब ब्रुकमायर यांचा ट्रॉम्बोन व जिम हॉल यांची गिटार अशा तिघांचा संवाद सुरू होतो. ड्रम नाही, आरडाओरडा नाही. पाणी आणि सूर यांची ही जोडी इतकी सहज जमली आहे की प्रेक्षक काही न सांगताच त्या गावात पोहोचतो. पुढे येल विद्यापीठातील विद्यार्थ्यांचा बँड एका जुन्या मोटारीत बसून गावभर वाजवत फिरतो. माणसे खुर्च्या मांडतात, तिकिटे घेतात, उन्हात पाय पसरतात. चार दिवसांचा महोत्सव दिग्दर्शकाने एका दिवसात बसवला आहे, सकाळपासून मध्यरात्रीनंतरपर्यंत. प्रत्यक्षातील क्रम त्याने बदलला. पण 'एक दिवस' या कल्पनेमुळे चित्रपटाला जो घाट मिळाला आहे तो पाहता ही सूट त्याला द्यावी असे आम्हांला वाटते. सणाच्या दिवसालाही असाच घाट असतो: सकाळची लगबग, दुपारची सुस्ती, रात्रीची रंगत.

कॅमेऱ्याचे खरे लक्ष मात्र चेहऱ्यांवर आहे. दूरच्या भिंगातून टिपलेले हे चेहरे आपण टिपले जात आहोत हे विसरलेले आहेत. कोणी आइस्क्रीम खात आहे, कोणी डोळे मिटून पायाने ठेका धरतो, कोणी कंटाळून इकडेतिकडे पाहतो. दुपारच्या उन्हात काळा पोशाख, पांढरे हातमोजे आणि पिसे लावलेली रुंद टोपी घालून अनिता ओडे ही गायिका व्यासपीठावर येते आणि जुन्या, सर्वांना पाठ असलेल्या गाण्यांचे शब्द असे तोडते, जोडते आणि पळवते की मंडळी हळूहळू खुर्च्यांत सावरून बसतात. ऐकणारा माणूस ऐकताना कसा बदलतो, हे इतक्या जवळून दाखवणारे चित्रण विरळाच. गाता गाता सहवादकाच्या व्हायब्राफोनवर आपणही काठ्या चालवणारी डायना वॉशिंग्टन, ज्येष्ठ जाझवादकांच्या साथीवर आपले रॉक अँड रोल म्हणणारा चक बेरी, आणि त्याच्यामागे क्लॅरिनेट काढून त्या नव्या पोराच्या गाण्यात आपला जुना सूर मिसळणारा वादक, अशी कितीतरी दृश्ये मनात राहतात.

या साऱ्यांत आम्हांला अधिक मोलाचे वाटले ते एक छोटे दृश्य. चिको हॅमिल्टन यांच्या पंचकातील चेलोवादक नेथन गर्शमन एका खोलीत एकटाच सराव करीत बसला आहे. तो वाजवतो आहे बाखची रचना. खोलीत सिगारेटचा धूर आहे, बाहेर उन्हाळा आहे, श्रोता कोणी नाही. योहान सेबास्टियन बाख हा अठराव्या शतकातला, आयुष्याची मोठी वर्षे चर्चच्या सेवेत घालवलेला संगीतकार. त्याची चेलोरचना येथे जाझच्या वादकाच्या बोटांत आहे. दिग्दर्शक यावर भाष्य करीत नाही. त्याच वाद्यवृंदाचे रात्रीचे वादन आपण नंतर ऐकतो, तेव्हा मैदानावर पसरलेली शांतता कोठून आली हे समजते. उत्सवाची रंगत एकट्याच्या, कोणी न पाहिलेल्या तपश्चर्येवर उभी असते, एवढे या दृश्यातून कळते. आणि ते कळण्यासाठी एकही शब्द खर्चावा लागलेला नाही.

एवढी स्तुती केल्यावर दोषांकडे वळणे आमचे कर्तव्य आहे. पहिला दोष कलेचा. थेलोनियस मंक हा पियानोवादक आपली रचना वाजवत असताना कॅमेरा त्याला सोडून समुद्रावर जातो आणि शिडांच्या नौकांच्या शर्यतीत रमतो. त्या उन्हाळ्यात 'अमेरिकाज कप' या नौकास्पर्धेची पूर्वतयारी न्यूपोर्टला चालू होती. १९३७ नंतर प्रथमच ती स्पर्धा व्हायची होती. नौका सुंदर आहेत, हे मान्य. परंतु मंकचे संगीत म्हणजे खाचखळग्यांचे, अनपेक्षित विरामांचे, श्रोत्याकडून लक्ष मागणारे संगीत. त्याला नौकांची पार्श्वभूमी करून टाकणे हा त्याच्यावर अन्याय होय. शिवाय माइल्स डेव्हिस आपल्या सहा जणांच्या संचासह, त्यात जॉन कोल्ट्रेन होता, आणि ड्यूक एलिंग्टन आपल्या वाद्यवृंदासह त्या वर्षी न्यूपोर्टला वाजवून गेले; चित्रपटात ते नाहीत. छायाचित्रकाराची दृष्टी जेथे रंगली तेथे चित्रपट उत्तम झाला आहे. संगीत समजून घेण्याची गरज जेथे पडली तेथे तो कमी पडला आहे.

दुसरा दोष अधिक खोल आहे. व्यासपीठावरचे बहुतेक थोर कलावंत कृष्णवर्णीय आहेत आणि समोरचा श्रोतृवर्ग बराचसा सुखवस्तू श्वेतवर्णीय. न्यायाची गोष्ट सांगायची तर दोन्ही वर्णांची माणसे त्या मैदानात शेजारीशेजारी बसलेली दिसतात, आणि १९५८ साली अमेरिकेच्या मोठ्या भागात हे दृश्य अशक्य होते. तरीही चित्रपटातील मौज इतकी निर्मळ, इतकी निश्चिंत आहे की ती खरी वाटेनाशी होते. रात्री प्रसन्न हसून ट्रम्पेट वाजवणारा लुई आर्मस्ट्राँग हा तोच माणूस, ज्याने अवघ्या दहा महिन्यांपूर्वी, सप्टेंबर १९५७ मध्ये, लिटल रॉक येथील शाळेच्या दारातून कृष्णवर्णीय मुलांना परतवण्यात आले तेव्हा आपल्या सरकारवर उघड टीका केली होती आणि सरकारतर्फे होणारा रशियाचा दौरा नाकारला होता. त्या हसण्यामागचा हा माणूस चित्रपटाला दिसत नाही.

आणि ते बंदर? पाण्यावरची ती रम्य प्रतिबिंबे पाहताना एक गोष्ट मनातून जात नाही. अठराव्या शतकात न्यूपोर्ट हे उत्तर अमेरिकेतील गुलामांच्या व्यापाराचे एक प्रमुख ठाणे होते. येथून मद्याची पिंपे घेऊन जहाजे आफ्रिकेला जात आणि माणसे भरून परतीच्या वाटेला लागत. त्या माणसांच्या थडग्यांची एक जुनी दफनभूमी आजही त्या गावात आहे. ज्यांच्या पूर्वजांना या बंदराच्या जहाजांनी विकले त्यांच्याच वंशाचे कलावंत येथे येऊन गावाला आनंद देऊन जातात, याहून मोठे नाट्य कोणते असणार? स्टर्नच्या हाती ते होते आणि त्याने ते पाहिले नाही. अर्थात हे बोट दाखवताना आपण आपल्याही किनाऱ्याकडे पाहावे. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या बाजारातही आफ्रिकेतून आणलेली माणसे विकली जात. जुन्या बंदरांच्या सौंदर्याला बहुधा असा हिशेब चिकटलेला असतो.

हा हिशेब न्यूपोर्टला लवकरच चुकता करावा लागला. १९६० साली तिकीट न मिळालेल्या, मद्य प्यालेल्या हजारो तरुणांनी गावात दंगल केली आणि महोत्सव अर्धवट थांबवावा लागला. ती दंगल करणारे बहुतांशी सुखवस्तू घरांतले विद्यार्थी होते. त्याच दिवसांत चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच या कलावंतांनी, महोत्सवात कलेपेक्षा पैशाला मान आहे असे म्हणत, गावातच दुसरीकडे आपला स्वतंत्र छोटा महोत्सव भरवला होता. १९७१ साली कुंपण मोडून गर्दी आत घुसली, तेव्हा महोत्सव न्यूयॉर्कला हलवला गेला आणि १९८१ साली परत न्यूपोर्टला, फोर्ट ॲडम्स या किल्ल्याच्या आवारात, आला. समुद्राकाठी तो आजही भरतो. उत्सव केवळ उपभोगाचा झाला की तो स्वतःच्याच भाराने कसा कोसळतो, हे यातून दिसले. मद्य, गर्दी आणि मोठा आवाज यांनाच सण समजणाऱ्या आपल्या वाड्यावस्त्यांनाही यातून शिकण्यासारखे आहे.

मग या चित्रपटाला आम्ही थोर का म्हणावे? त्याच्या शेवटामुळे. आर्मस्ट्राँगचा कार्यक्रम होतो, मैदान हसून खेळून तृप्त होते, आणि मग निवेदक सांगतो की आता रविवार लागला आहे. शनिवारची मध्यरात्र उलटून गेलेली आहे. व्यासपीठावर येते महेलिया जॅक्सन. न्यू ऑर्लिन्सला १९११ साली एका गरीब बाप्टिस्ट कुटुंबात जन्मलेली ही स्त्री लहानपणापासून देवाचीच गाणी म्हणत आली. तिच्या आवाजात ब्लूज गाणाऱ्यांचे सारे सामर्थ्य होते. ते गावे म्हणून तिला पैशाची आमिषेही दाखवली गेली. तिने ती नाकारली आणि मद्य विकले जाते अशा क्लबांत गाण्याचेही टाळले. मिल्ड्रेड फॉल्स यांच्या पियानोच्या साथीवर ती आधी उल्हासाची धार्मिक गीते गाते. लोक नाचू लागतात, टाळ्या थांबत नाहीत. त्या कौतुकाने ती संकोचल्यासारखी होते. आणि मग ती प्रभूची प्रार्थना सुरू करते.

येथे दिग्दर्शक प्रथमच पूर्ण शहाणपणाने वागला आहे. नौका नाहीत, आइस्क्रीम नाही, गंमत नाही. आहे तो गाणारीचा चेहरा, तिचे मिटलेले डोळे आणि अंधारात गप्प झालेली माणसे. दिवसभर आपण जे चेहरे पाहिले तेच आता वेगळे दिसतात. काही क्षणांपूर्वी नाचणारी माणसे निश्चल उभी किंवा बसलेली आहेत. ती सारी श्रद्धाळू आहेत असा दावा कोणी करू नये. आम्ही करीत नाही. परंतु दिवसभराच्या आनंदाला कोणाचे तरी आभार मानण्याची गरज असते, आणि ती गरज त्यांना स्वतःला ठाऊक नव्हती, असे मात्र त्या चेहऱ्यांवर स्पष्ट दिसते. प्रार्थना संपते आणि चित्रपटही संपतो. त्यानंतर दाखवण्यासारखे काही नव्हतेच.

यावर एक आक्षेप येऊ शकतो आणि तो हलका नाही. करमणुकीच्या व्यासपीठावर, तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर, इतर चार गाण्यांच्या पंगतीत प्रभूची प्रार्थना म्हणणे योग्य आहे काय? टाळ्यांसाठी म्हटलेली प्रार्थना ही प्रार्थना राहते काय? ख्रिस्तसभेने संगीताच्या बाबतीत नेहमीच सावधगिरी बाळगली आहे. पोप दहावे पायस यांनी १९०३ सालच्या आपल्या आदेशात चर्चमध्ये पियानो, ड्रम, झांजा यांसारखी वाद्ये वाजवण्यास मनाई केली होती आणि चर्चमध्ये बँडलाही बंदी घातली होती. त्यांची भीती अशी की नाटकघरातील वृत्ती वेदीपाशी येईल. ती भीती निराधार नव्हती. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालच्या उपासनाविषयक दस्तऐवजात पाइप ऑर्गनचा मान राखूनही पवित्र उपयोगाला साजेशा इतर वाद्यांना, अधिकाऱ्यांच्या संमतीने, दार उघडले आणि मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरांचा आदर करण्यास सांगितले. १५० व्या स्तोत्रात कर्णे आणि झांजा देवाच्या स्तुतीला बोलावलेल्या आहेतच.

तरी न्यूपोर्टचा प्रश्न याच्या उलट आहे. तेथे नाटकघर वेदीपाशी आले नाही. प्रार्थनाच मैदानात गेली. आणि ज्या स्त्रीने ती नेली तिने तेथल्या रीतीसाठी तिच्यात काहीही बदल केला नाही. तिने शिकागोच्या आपल्या मंदिरात जशी म्हटली असती तशीच ती म्हटली. आमच्या मते निकष हाच आहे. स्थळ कोणते, वाद्य कोणते, यापेक्षा गाणारा माणूस कोणाकडे तोंड करून गातो ते महत्त्वाचे. महेलिया श्रोत्यांसमोर उभी होती, श्रोत्यांकडे पाहून गात नव्हती. म्हणूनच श्रोत्यांना तिच्या पाठोपाठ जाता आले.

जाझ आणि श्रद्धा यांची ही एकच गाठ नाही. मेरी लू विल्यम्स ही जाझमधील अग्रगण्य पियानोवादक आणि रचनाकार १९५४ साली वादन सोडून प्रार्थनेकडे वळली आणि १९५७ साली तिने कॅथॉलिक बाप्तिस्मा घेतला. वाजवणे सोडू नये, संगीत हीच तुझी सेवा, असे तिला समजावणाऱ्यांत धर्मगुरू होते. ती परतली ती १९५७ च्या न्यूपोर्ट महोत्सवातच, डिझी गिलेस्पी यांच्या वाद्यवृंदाबरोबर. पुढे संत मार्टिन द पोरेस यांच्यावर तिने स्तोत्र रचले आणि तिने रचलेली मिस्सा १९७५ साली न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलमध्ये साजरी झाली. न्यूपोर्टच्याच महोत्सवांतून गाजलेले डेव्ह ब्रूबेक यांनी मिस्सेसाठी संगीतरचना केली आणि १९८० साली ते कॅथॉलिक झाले. ज्या व्यासपीठाला आपण केवळ करमणुकीचे म्हणतो, तेथूनही वेदीकडे वाट जाते.

आपल्याकडे ही वाट उलट दिशेने चालली गेली. गोव्यातील धर्मग्रामांच्या संगीतशाळांत, ज्यांना 'इश्कोल' म्हणत, मुलांना गायकवृंदासाठी स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. गावात त्या विद्येवर पोट भरत नसे. मग तीच मुले आगगाडी किंवा बोट पकडून मुंबईला आली आणि हॉटेलांतल्या जाझ बँडमध्ये, पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरली. बार्देशातील हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे 'चिक चॉकलेट' या नावाने गाजले. त्यांच्या ट्रम्पेटमुळे लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत आणि सी. रामचंद्र यांच्या संगीतात त्यांचा बहुमोल वाटा होता. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे वडील तेथील चर्चचे गायकवृंद-प्रमुख. सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड अशी आणखी नावे आहेत. ब्रूबेक १९५८ साली, एलिंग्टन १९६३ साली आणि आर्मस्ट्राँग १९६४ साली मुंबईत वाजवून गेले. महेलिया जॅक्सन १९७१ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, भारतात आली आणि मुंबईतही गायली. १९७८ साली 'जाझ यात्रा' हा महोत्सव सुरू झाला, तो सेंट झेवियर्स महाविद्यालयाशेजारच्या रंगभवनच्या मोकळ्या व्यासपीठावर.

आडनावांचा योगायोगही सांगण्यासारखा आहे. ७ जुलै १९५६ च्या रात्री न्यूपोर्टला एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदातील सॅक्सोफोनवादकाने एकाच रचनेत सलग २७ आवर्तने वाजवून मैदान उभे केले. त्याचे नाव पॉल गोन्साल्विस. त्याचे आईवडील केप व्हर्द बेटांतून आलेले. ज्या पोर्तुगीज जहाजांनी हे आडनाव वसईच्या घरांत आणले त्यांनीच ते आफ्रिकेच्या त्या बेटांतही नेले. न्यूपोर्टच्या त्या रात्रीशी आपले इतके तरी नाते आहे.

आपल्या त्या वादकांना आपण काय दिले? वेदीपाशी व्हायोलिन वाजवणाऱ्याला मान आणि हॉटेलात ट्रम्पेट वाजवणाऱ्याला संशय, अशी आपली विभागणी होती. सूर तोच, बोटे तीच, शिकवणारे मास्तरही तेच. चित्रपटांच्या श्रेयनामावलीत त्यांची नावे क्वचितच आली आणि आपल्या धर्मग्रामांच्या स्मरणिकांतही ती शोधावी लागतात. आज लग्नाच्या मांडवात यंत्रावरचे संगीत आले आहे. बँडवाल्याला दोन तास बसवून, 'आता पुरे' म्हणून हात करून गप्प करण्याची रीत पडली आहे. त्यामुळे वाजवणारे हातच कमी होत आहेत. आणि वाजवणारे हात गेले की उत्सव पाहण्याचा राहील, करण्याचा राहणार नाही.

'जाझ ऑन अ समर्स डे' हा निर्दोष चित्रपट नाही. त्याने एका गावाचे सुख पाहिले आणि त्या सुखाखालचा इतिहास पाहिला नाही. वाऱ्यावरची शिडे पाहिली आणि मंकचे हात सोडले. पण माणसे एकत्र येऊन ऐकतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटते, हे त्याने जपून ठेवले. आणि दिवसाच्या अखेरीस, त्याच मौजेच्या मैदानात, त्याच माणसांना एका स्त्रीने हाताला धरून प्रार्थनेपर्यंत नेले, हे त्याने मध्ये न बोलता दाखवले. आमच्या कुटुंबांनी तो एखाद्या रविवारी मुलांसह पाहावा. पाहून झाल्यावर मुलांना घरातल्या, वाड्यातल्या एखाद्या जुन्या वादकाकडे न्यावे, आणि त्याच्या पेटीतले वाद्य एकदा बाहेर काढायला सांगावे.